मामींचे ओठ स्पष्ट दिसावेत म्हणून

आदंबाक्कमच्या त्या घरात मी वरची खोली भाड्याने मागायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "तूं पुण्याची कां?" मी नाशिकची, असं सांगितलं. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं, "तें पुण्याहून लांब आहे कां?" लांब आहे म्हटल्यावर मला किल्ली मिळाली. एखाद्या गावापासून लांब असणं हा गुण ठरल्याची माझ्या आयुष्यातली ती एकमेव वेळ.

चेन्नईत कुणी मराठीत प्रश्न विचारील याचंच मला नवल वाटलं होतं. बाई तंजावरच्या. त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या तमिळ मुलखात गेल्या होत्या, आणि त्यांचं मराठी माझ्या पणजीच्या वेळचं, वर तमिळ हेल. 'विचार' म्हणायचं तिथे त्या 'पुस' म्हणत, 'हवं' म्हणायचं तिथे 'होना', आणि 'म्हणे', 'म्हणून' यांचं 'मणे', 'मणून'. मी त्यांना आजी म्हणायला लागले तर त्यांनी तिथल्या तिथे मला अडवलं. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची, मीही मामीच म्हणायचं.

मामी संशयी होत्या. मीही आहे, लपवण्यात अर्थ नाही. मी ऑफिसला गेले की त्या वर येऊन माझं स्वयंपाकघर बघत असतील अशी मला खात्री होती, म्हणून मी निघताना मिठाच्या डब्याचं झाकण मुद्दाम तिरकं ठेवून जायची. परत यावं तर झाकण सरळ. आणि मी गीझर फार वेळ चालू ठेवते असा त्यांचा वहीम होता. तो खरा होता. अशा आम्ही दोघी एका छपराखाली एकमेकींवर नजर ठेवून अगदी सुखाने राहत होतो.

माझी नोकरी पेरुंगुडीला होती, एका छोट्या कंपनीत. परदेशी कंपन्यांसाठी आम्ही शिकवण्याच्या फिल्मा बनवायचो. दोन हजार सहाच्या सुमाराला सगळ्यांना एकदम पॉडकास्ट हवा झाला, तोही चित्राचा. म्हणजे दर आठवड्याला नवी फिल्म, आणि ती बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपोआप येऊन पडणार. त्या वेळच्या इंटरनेटला तेवढा भार झेपायचा नाही. कॅमेऱ्याच्या टेपवरची अजस्र फिल्म चेपून चेपून एवढीशी करायची आणि तरी ती चांगली दिसली पाहिजे, हे काम माझ्याकडे होतं. काम म्हणजे काय, बघणाऱ्याला कळणार नाही असं काय काय काढून टाकता येईल ते शोधायचं. संशयी माणसाला हा धंदा चांगला मानवतो, कारण समोरचा कुठे बघत असेल आणि कुठे नसेल याचाच विचार दिवसभर करायचा असतो.

मामींना माझ्या कामाचा पत्ता लागला तो गल्लीतल्या कुणाकडून तरी. एका रविवारी सकाळी त्या फिल्टर कॉफीचा पेला घेऊन वर आल्या. त्या कधी कॉफी घेऊन येत नसत, म्हणून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच.

"तूं फिल्म बारीक करतेस मणे," त्या म्हणाल्या. "लांब पाठवायला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मामींचा लेक, सून आणि नात अमेरिकेत होते. नात दहा वर्षांची. सहा वर्षांची असताना, इथेच, याच घरात, तिला ताप आला, तो मेंदूत गेला, आणि पोर वाचली पण दोन्ही कान गेले. कानात यंत्र बसवायचं ऑपरेशन झालं, त्याचा उपयोग झाला नाही. त्यानंतरचं वर्षभर मामींनी तिला समोर बसवून ओठ वाचायला शिकवलं. स्वतःच्या कानात कापसाचे बोळे घालून त्या तिच्यासमोर बसत, तिला काय दिसतं ते आपल्यालाही कळावं म्हणून. दोघी आवाजाशिवाय तासन्‌तास गप्पा मारत. मग लेकाला तिकडे नोकरी लागली आणि सगळे गेले. तिकडच्या शाळेत सगळं इंग्रजी. फोनवर तिच्याशी बोलणार कसं? कॉम्प्युटरवरच्या छोट्या कॅमेऱ्याने बोलून पाहिलं, तर चित्र ठेचकाळत यायचं आणि मामींचं तोंड उघडं राहूनच थांबायचं.

"तिला इंग्लीश ओठ येतील," मामी म्हणाल्या. "माझे विसरेल. मग मी मेलें तरी तिला काय?"

त्यांना दर आठवड्याला नातीशी बोलायचं होतं, एवढंच. नातीला आपलं बोलणं कळलं पाहिजे, बस. मी हो म्हटलं. सहज हो म्हटलं, कारण ते तर माझं रोजचंच काम होतं.

साहेबांच्या परवानगीने मी शनिवारी ऑफिसचा कॅमेरा घरी आणला. मामी कांचीपुरमची बारीक चौकड्यांची साडी नेसून स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. वर पंखा गरगरत होता. त्यांनी वांग्यांची रसवांगी करून दाखवली आणि करता करता नातीला घरच्या, शेजारच्या, मांजरीच्या बातम्या सांगितल्या. सोमवारी मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ती फिल्म चेपली. सेकंदाला पंचवीस चित्रं असतात, त्यातली निम्मी टाकून दिली की उरलेल्या प्रत्येक चित्राला जास्त जागा मिळते आणि ते स्वच्छ दिसतं. फिल्म मध्येच थांबवून मी मूळ टेपशेजारी ताडून पाहिली. फोडणीतल्या मोहऱ्या मोजता आल्या असत्या. मला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि ती मी पाठवून दिली.

सुनेची मेल आली. चित्र छान येतं, पण हिला काही कळत नाही.

मी मामींना वाचून दाखवलं. त्या उसळल्या. "कळत नाहीं? तिला कळत नाहीं मणून ही सांगते? पोरीला पुसलें कां हिनें?"

सून पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा मामींच्या मराठीला ती हसली होती, निदान मामींचं म्हणणं तसं. 'पुस' नाही, 'विचार' म्हणायचं, असं तिने एकदा चारचौघांत सुधारलं होतं. तिकडे गेल्यावर कुणा शिक्षिकेने सांगितलं की मुलीला एकच भाषा द्या, आणि सुनेने ते ऐकलं. मामींच्या दृष्टीने खटला तिथेच निकालात निघाला होता. पण त्यांचा खरा आरोप याहून जुना होता. तो त्यांनी मला त्या दिवशी सांगितला. पोरीला ताप चढलेला असताना सून तिला टाकून अंबत्तूरच्या कारखान्यातल्या आपल्या ऑफिसात कामाला गेली. त्याच दिवशी दवाखान्यात नेली असती तर कान वाचले असते. "हिनें पोरीचे कान घालवले," मामी म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसलं.

मी त्या सुनेला कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणापासून ती मला आवडेनाशी झाली. पुढच्या रविवारी मी एक युक्ती काढली. मामींनी फिल्ममध्ये नातीला एक प्रश्न विचारायचा : जाताना नेलेल्या लाकडी बाहुलीचं नाव अजून तेच आहे का? हे आजी आणि नात यांच्यातलं गुपित. पोरीला फिल्म दाखवली जात असेल तर उत्तर येईल. नाही आलं तर काहीतरी काळंबेरं आहे.

उत्तर आलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. सुनेची मेल मात्र यायची, नेहमीसारखी सभ्य आणि कोरडी : प्रयत्न करतो आहोत, पण तिला समजत नाही. "प्रयत्न!" मामी म्हणायच्या. "एन्न प्रयत्न? कसला प्रयत्न?" आणि मी मान डोलवायची. माझं चित्र तर निर्मळ होतं, आवाज खणखणीत होता. मग दोष कुठे असणार? दोघी मिळून आम्ही त्या बाईच्या नावाने मनसोक्त खडे फोडले.

मला खरी गोष्ट कळली ती हेडफोन नव्हते म्हणून. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्याने माझे हेडफोन न विचारता नेले होते. त्याच्यावर चरफडत मी मामींची नवी फिल्म आवाजाशिवाय लावली. बघते तर मामी काय बोलताहेत याचा मला पत्ता लागेना. ते सगळं मी आदल्या दिवशी समोर उभं राहून ऐकलेलं, मला जवळजवळ पाठ, आणि तरी कळेना. ओठ मिटलेले असायचे आणि एकदम उघडे दिसायचे, मधलं काहीच नाही. फेकून दिलेल्या निम्म्या चित्रांत ते मधलं गेलं होतं. त्यात खिडकी मामींच्या पाठीशी, त्यामुळे तोंडात काळोख. पंखा पदर हलवत होता आणि त्या हलणाऱ्या चौकड्याच सगळी जागा खाऊन टाकत होत्या. तोंडाच्या वाट्याला नुसते चौकोनी डाग आले होते. मी इतके दिवस फिल्म थांबवून तपासत होते. बसल्या जागी माझे कान लाल झाले. कुणीही बघणारा फिल्म थांबवून बघत नाही, आणि ती पोर तर ऐकतही नव्हती.

मग मी सगळं बदललं. मामींना स्वयंपाकघरातून काढून पुढच्या खोलीत खिडकीसमोर बसवलं, उजेड सरळ तोंडावर. मागे कोरी भिंत. तिच्यावरचं कॅलेंडर उतरवलं. पंखा बंद. कॅमेरा इतका जवळ की कपाळापासून गळ्यापर्यंतच दिसावं. चित्राचा आकार लहान केला, पण पंचवीसच्या पंचवीस ठेवली.

"साडी बदला," मी म्हटलं. "साधी नेसा, एकाच रंगाची."

मामींनी डोळे बारीक केले. "कां? चांगली साडी दिसली तर काय होतें?"

"चौकड्यांनी चित्र बिघडतं, मामी."

"तुला कुणी सांगितलें? त्या पुणेवालीनें? सासू भिकारीण दिसली पाहिजे मणून?"

माझी आणि सुनेची आतून हातमिळवणी आहे, हा संशय त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा आला आणि पुढे बरेच दिवस टिकला. मीही भडकले. मी म्हटलं, नसेल नेसायची तर राहू दे, मला माझा रविवार आहे. शेवटी त्या धुसफुसत आत गेल्या आणि फिकट निळी वॉयलची साडी नेसून आल्या. चेन्नईच्या मे महिन्यात बंद पंख्याखाली बसून त्या बोलल्या, बाहुलीचा प्रश्नही पुन्हा विचारला. घाम कानशिलावरून ओघळत होता, पण नातीशी बोलणं चालू असताना त्यांनी तो एकदाही पुसला नाही, कारण हात तोंडावरून गेला तर शब्द जाईल, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

चार दिवसांनी मेल आली. हिला कळलं. सगळं कळलं. आणि खाली नातीने स्वतः टाइप केलेल्या रोमन अक्षरांतल्या दोन ओळी : बाहुलीचं नाव तेच आहे, आणि अज्जी, तुझ्या पुढच्या दाताला काय झालं?

मामींनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि रडल्या. मीही रडले. आपण केलेल्या कामाने कुणाला एवढा आनंद होईल असं मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं. पण मामींचे डोळे पुसून होतात न होतात तोच त्या म्हणाल्या, "बघ, पोरीला येतें तर! मग ती इतके दिवस नाहीं कां मणत होती?" यावर, चूक माझ्या चेपण्यात होती, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला नाही.

इथून पुढचे काही महिने चांगले गेले. दर रविवारी फिल्म. नातीच्या ओळी येत. मामींनी तिला भाज्यांची नावं, देवाच्या गोष्टी, माझी निंदा, सगळं पाठवलं. एकच अडचण होती. मामींना पुटपुटायची सवय होती. एक गोष्ट संपून दुसरी आठवेपर्यंत त्यांचे ओठ चालूच असत, आवाज अगदी खालचा. समोरून बघणाऱ्याला वाटावं नामस्मरण चाललं आहे. पण मी हेडफोन लावून ऐकत होते. ते नामस्मरण नव्हतं. हसते माझ्या बोलण्याला. पोरीला तोडली माझ्यापासून. कामाला गेली, पोरीचे कान घालवले हिनें, कान घालवले.

हे त्या मुद्दाम बोलत होत्या असं मला वाटत नाही. नातीचा विचार आला की पाठोपाठ तो विचार येत असे, आणि तो ओठांवर येऊन जायचा. पण सून फिल्म लावताना पोरीजवळ बसत असणार, आणि तिचे कान शाबूत होते. तिने हे ऐकलं तर फिल्मा बंद. तेवढा भाग कापून टाकणं सोपं होतं, पण आम्ही लोक कापायला नाखूश असतो. जिथे कापाल तिथे चित्र नव्याने सुरू होतं, क्षणभर डागाळतं, आणि जागा भरपूर खातं. म्हणून शक्यतो एकसलग चित्र ठेवायचं अशी आमची रीत. मी चित्राला हात लावला नाही. पुटपुटणं आलं की तेवढ्यापुरता आवाज शून्यावर आणायचा आणि मग परत वर घ्यायचा, इतक्या सफाईने की कुणालाही कळू नये. एक भांडण वाचवल्याचं समाधान मला दर रविवारी मिळायचं.

मग नातीच्या ओळी आखडल्या. आधी एकच ओळ यायला लागली, मग नुसतं 'बघितलं', मग काहीच नाही. सुनेची मेलही थांबली.

"बंद केलें तिनें," मामी म्हणाल्या. "मला ठावें होतें."

मलाही कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटत होतंच. आवाज शून्यावर आणताना एखाद्या जागी मी चुकले का, म्हणून मी जुन्या फिल्मा पुन्हा कान लावून तपासल्या. एक शब्दही सुटलेला नव्हता. म्हणजे सुनेला कारण मिळालेलं नव्हतं. म्हणजे ती कारणाशिवायच करत होती. आमचं मत पक्कं झालं.

आणि एके दिवशी माझ्या मेलवर एक फिल्म आली. नातीची. मी लॅपटॉप घेऊन खाली मामींकडे गेले. पोर खिडकीसमोर बसली होती, मागे कोरी भिंत, कपाळापासून गळ्यापर्यंतच दिसत होतं. दोन घट्ट वेण्या, एका रंगाचा पांढरा शर्ट. आमच्या फिल्मांवरून ती बसायचं कसं ते शिकली होती. ती बोलायला लागली आणि आवाजच येईना. मी आवाज वाढवला. काही नाही. मी फाइल उघडून तपासली, आवाजाची पट्टी होती पण सपाट.

"काढून टाकलाय," मी म्हटलं. "तिच्या आईनं आवाज काढून टाकलाय, मामी. आता बोला!"

मामींनी मला हाताने गप्प केलं. त्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ नातीच्या ओठांबरोबर हलत होते. फिल्म संपली. "परत लाव," त्या म्हणाल्या. मी परत लावली. ती संपल्यावर त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"काय म्हणाली?"

"कांहीं नाहीं. शाळेचें."

माझा विश्वास बसला नाही. शाळेचं सांगताना कुणी असं ताठ बसत नाही. मी म्हटलं, "मामी, आवाज कुणी काढला ते तरी विचारू का मी तिच्या आईला?"

"कुणी काढला नाहीं," मामी म्हणाल्या. "ती आवाज न करितां बोलली. आईला ऐकूं जाऊं नये मणून."

मग त्यांनी मांडीवरचा चष्मा पदराने पुसला. बाहेर गल्लीत मीठवाला ओरडत गेला. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि नातीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "ती मणते, अज्जी, तूं हळू बोलतेस तें मला दिसतें. आईनें कान घालवले असें मणूं नको. त्या दिवशीं आईचा फोन आला होता. तूं फोनांत मणालीस, ताप उतरला, पोर निजली आहे. मी निजलें नव्हतें अज्जी. त्या दिवशीं मला ऐकूं येत होतें."

माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल तर माझी आवाजाची पट्टी. बहिऱ्या पोरीसाठी मी आवाज पुसत बसले होते. चित्रात कुठेही डाग पडू नये म्हणून जपत, मामींचा प्रत्येक पुटपुटलेला शब्द मी स्वच्छ उजेडात, पूर्ण पंचवीस चित्रांसकट तिच्यापुढे नेऊन ठेवला होता. आवाज काढला की बोलणं गेलं, असं मी धरून चालले होते.

"उतरला नव्हता?" मी विचारलं.

मामींनी मान हलवली. "अंग भाजत होतें. मला वाटलें, उतरेल. माझ्या लेकाचे असले ताप मी घरांतच काढिले. आणि ती मणाली असती, एक दिवस पोर सांभाळतां येत नाहीं कां तुम्हांला? असें मणालीच असती." त्यांनी माझं मनगट सोडलं. "तें मणायला नको मणून मी सांगितलें, उतरला."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आणखी एक बोलली शेवटीं. मी आईला सांगितलें नाहीं मणाली. कधीं सांगणार नाहीं."

हे ऐकून मला त्या पोरीची इतकी माया आली, आणि मामींचा इतका राग आला, आणि लगेच रागाचीही लाज वाटली, की मी लॅपटॉप उचलून वर निघून आले. त्या आठवड्यात आम्ही एकमेकींना टाळलं. मला वाटलं, झालं, आता फिल्मा बंद. आता त्या बोलायच्या नाहीत, नात बघायची नाही, आणि दोघींच्या ओठांवरची ती भाषा अशीच मरायची.

रविवारी सकाळी दार वाजलं. मामी चौकड्यांची चांगली साडी नेसून उभ्या होत्या. "कॅमेरा आहे कां?"

होता. मी तो परत केलाच नव्हता. खाली गेल्यावर मी त्यांना खिडकीसमोर बसवायला लागले तर त्या म्हणाल्या, "चेहरा कसा कां येईना. आवाज नीट घे. आज ऐकणारीशीं बोलायचें आहे."

मी माइक त्यांच्या पदराला लावला. त्या सुनेचं नाव घेऊन बोलायला लागल्या. ते नाव मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं. त्या मोठ्याने, एकेक शब्द वेगळा करून बोलल्या. तो दिवस, तो फोन, आपण काय सांगितलं आणि का सांगितलं. रडल्या नाहीत. पुटपुटल्याही नाहीत, बोलणं संपलं तेव्हा ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. मग मला म्हणाल्या, "यांतलें कांहीं काढूं नको."

मी काही काढलं नाही. पण पाठवायचं बटण दाबताना मला धास्ती वाटली. त्या पुण्याच्या बाईला आता हत्यारच मिळणार, असं मनात आलं. इतकी वर्षं सासूने हिच्यावर घातलेला आळ सासूनेच स्वतःवर उलटवून घेतला. आता ती सोडते की काय! त्या दिवशीही माझा संशय तिच्यावरच होता.

दोन दिवसांनी, मी ऑफिसला निघाले असताना, खाली फोन वाजला. मी जिन्यात होते. मी तिथेच थांबले आणि कान टवकारले. माझा स्वभावच तसा.

मामी आधी नुसतं "हं" म्हणाल्या. मग कितीतरी वेळ पलीकडचंच बोलणं चाललं असावं. मग मामी म्हणाल्या, "ताप उतरलाच नव्हता, असें डॉक्टरनें सांगितलें तुला? केव्हां?"

मी कठडा धरून खाली वाकले. मामी भिंतीला पाठ लावून हळूहळू जमिनीवर बसत होत्या, फोन कानाशी तसाच.

"दवाखान्यांत नेलें त्याच दिवशीं?" त्या म्हणाल्या. "तेव्हांपासून तुला ठावें होतें? मग इतकीं वर्षें मला बोलूं कां दिलेंस गे?"